अ. शे. यांचा डबा

आमचा आणि शेजारच्या शेखांचा घरोबा एका पितळी डब्यामुळे जमला. तो डबा आमचा नव्हता. शेखांचाही नव्हता.

हे मी आज एका दमात सांगून मोकळा झालो. तेव्हा मात्र एवढी साधी गोष्ट उमगायला दोन शहाण्या कुटुंबांना तीन महिने लागले. तेवढ्या काळात दोन्ही घरांनी जे काही तळलं, भाजलं, वळलं आणि खाल्लं, त्यापायी माझ्या विजारीचं वरचं बटण लागेनासं झालं. शेवटी मी सदरा बाहेर सोडून कामावर जाऊ लागलो.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी साताऱ्याकडून येऊन पिंपरीच्या एका नव्या कंपनीत चिकटलो होतो. राहायला आकुर्डीत, पत्र्याच्या पाच खोल्यांच्या चाळीत. आकुर्डी तेव्हा गावच होतं. खोलीच्या मागे विहीर, विहिरीच्या मागे ज्वारी, आणि ज्वारीच्या पलीकडून रेल्वे जायची. माझ्या शेजारच्या खोलीत अमीन शेख. मूळचे जुन्नरचे, मुंबई-पुणे रस्त्यावर त्यांचं ट्रक दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या दोघांत भिंत एकच होती, पण बोलणं म्हणजे सकाळी त्यांनी "काय शेडगे, बरं आहे?" विचारायचं आणि मी "बरं आहे" म्हणायचं. बस! माझी बायको कुसुम अजून गावी, माझ्या आईजवळ होती.

अशा एका दुपारी मी रात्रपाळी करून झोपलो असताना दार वाजलं. मी डोळे न उघडता दार उघडलं. (हे जमतं. रात्रपाळी केलेल्या माणसाला विचारा.) मग किलकिल्या डोळ्यांना बांगड्यांचा हात दिसला, हातात कडीचा डबा दिसला. मी तो घेतला, "बरं बरं" म्हणालो, दार लावलं आणि पुन्हा आडवा झालो. उठून पाहतो तर डब्यात खरवस! वेलदोडा घातलेला, गुळाचा, हलवला तर थरथरणारा. मी भिंतीला टेकून बसलो आणि सगळा संपवला. मग डबा घासला, पालथा घातला, तेव्हा बुडाशी टिंबाटिंबांनी घातलेलं नाव दिसलं. अ. शे.

आता अ. शे. म्हणजे कोण, यात डोकं चालवण्यासारखं काय आहे? अमीन शेख! शेजारच्या भाभींनी एकट्या माणसाची कीव येऊन खरवस पाठवला असणार. डबा मी फळीवर ठेवला आणि विसरून गेलो.

पंधरा दिवसांनी कुसुम कायमची राहायला आली. आली आणि पहिले आठ दिवस रडली. "इथं माझं कुणी नाही" हे ती सकाळी म्हणायची, दुपारी म्हणायची आणि संध्याकाळी गावाकडे जाणाऱ्या गाडीची वेळ विचारायची. मी तिला पिंपरी दाखवली, चिंचवड दाखवलं, तरी गाडीची वेळ विचारणं चालूच. मी मनातून घाबरलो होतो. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि बायको रुमालात चार कपडे बांधूनच ठेवायची.

नवव्या दिवशी तिला फळीवर तो डबा दिसला.

"हा कुणाचा?"

"शेजारच्या शेखांचा. बुडाशी नाव बघ."

"काय आलं होतं यात?"

खरवस हा कुसुमचा जीव की प्राण. ती आठ दिवस रडत असताना 'मी इथे डबाभर खरवस एकट्याने खाल्ला' असं सांगण्याची माझी छाती झाली नाही. "काहीतरी गोड होतं," मी म्हणालो.

"आणि तुम्ही डबा अजून परत केला नाही? काय म्हणत असतील त्या! आता रिकामा कसा द्यायचा?"

रडायचं थांबवून ती पदर खोचून उठली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्याकडे पोरींना चालायच्या आधी शिकवतात. तिने करंज्या केल्या आणि डबा भरून माझ्या हातात दिला. मी शेजारी गेलो. दारात अमीनभाई.

"हिनं पाठवलंय," मी म्हणालो.

"अरे, कशाला उगाच!"

"असू द्या."

त्या वेळी मी 'तुमचा डबा' एवढे दोन शब्द बोललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण असं कुणी बोलतं का? 'हा घ्या तुमचा डबा' म्हटलं की वाटतं, हिशेब मिटवायला आला. म्हणून मी सभ्यपणाने हसलो आणि परत आलो.

तिकडे काय झालं, ते मला फार उशिरा कळलं. जुबेदाभाभींनी करंज्या काढल्या, डबा घासला, पालथा घातला. बुडाशी अ. शे. त्या मराठी चार यत्ता शिकलेल्या. त्यांनी लगेच ओळखलं: अर्जुन शेडगे! (हे माझं नाव. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, कबूल. पण कुसुमच्याही लक्षात आलं नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. त्या काळी नवऱ्याचं नाव बायका तोंडाने तर घेत नसतच. कुसुम ते मनातसुद्धा घेत नसे. अ वरून तिला जगातलं कुठलंही नाव सुचलं असतं, माझं नव्हे. आणि भाभींचं तरी काय? अमीनभाई म्हणजे 'आमचे हे'. 'आमचे हे' डब्यावर मावत नाहीत.) थोडक्यात, त्यांना वाटलं, शेडग्यांची नवी सून स्वतःहून करंज्या पाठवते, केवढं मन! आणि डबा शेडग्यांचा, तेव्हा तो रिकामा कसा परत करायचा?

दोन दिवसांनी अमीनभाई दारात. "हिनं पाठवलंय." डब्यात तुपात भाजलेल्या शेवयांची खीर.

"अरे, कशाला उगाच!" मी म्हणालो.

"असू द्या राव."

कुसुमला ते इतकं लागलं मनाला! तिच्या दृष्टीने भाभींनी आधी काहीतरी गोड पाठवलं होतं, तिने परतफेड केली, तर त्यांनी आपला डबा पुन्हा भरून पाठवला! ती तशीच उठून शेजारी गेली ती दोन तासांनी आली, हसत. त्या दिवसापासून दोघी विहिरीवर बरोबर, दळणाला बरोबर, चिंचवडच्या बाजाराला बरोबर. कुसुमने गाडीची वेळ विचारणं बंद केलं. बांधलेला रुमाल सुटला. एकदा भाकरी थापता थापता ती सहज म्हणाली, "भाभी नसत्या ना, तर मी केव्हाच गेले असते." मला त्या डब्याला हळदकुंकू वाहावंसं वाटलं.

पण डबा काही थांबेना! कुसुमने अनारसे भरून 'त्यांचा' डबा पाठवला. भाभींनी गुळपोळ्या भरून 'आमचा' डबा पाठवला. डाळीचे लाडू गेले, खोबऱ्याच्या वड्या आल्या. चिवडा गेला, मालपुवा आला. पहिल्या महिन्यात हे कौतुकाचं होतं. दुसऱ्या महिन्यात कुसुम दाराची कडी वाजली की दचकू लागली.

"आला का?"

"आला."

"काय आहे?"

"जिलबी."

"अगं आई गं!" आणि ती मटकन खाली बसायची. जिलबीच्या तोडीचं काय करायचं, या विचाराने तिची भूक जायची. (माझी नाही.)

तिसऱ्या महिन्यात मात्र प्रकरण हातघाईवर आलं. तूप महिन्याच्या मध्यालाच तळाला जायला लागलं. त्याहून वाईट म्हणजे विहिरीवर दोघींचं बोलणं कमी झालं. दोघी दमलेल्या, आणि दोघींच्या मनात एकच किडा. कुसुम म्हणायची, "भाभींना काय दाखवायचंय? मी कमी पडते असं?" पलीकडे भाभी अमीनभाईंना विचारत होत्या, "ही पोर मला हरवायला निघालीय का हो?" इकडची चूल तिकडच्या चुलीचा वास घेत बसायची. एक दिवस कुसुम एकटीच दळणाला गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते, आणि मला म्हणाली, "संध्याकाळची गाडी किती वाजता असते?"

ठरवलं, आता पुरुषाने मधे पडायला हवं. (संसारातलं मोडायचं काही शिल्लक असलं की पुरुषाला हे हमखास सुचतं.)

माझा विचार असा: डबा शेखांचा. तो भरून जातो म्हणून भरून येतो. एकदा रिकामा गेला की भाभी समजतील, आता पुरे. त्याही सुटतील, आपणही सुटू. कुसुमला सांगितलं असतं तर तिने मला उभा चिरला असता, म्हणून दुपारच्या पाळीला निघताना मी गुपचूप डबा उचलला, शेखांच्या उंबऱ्यावर ठेवला आणि सायकलवर टांग मारली. वाटेत मी स्वतःवर इतका खूश होतो की शीळ घालत होतो.

आता भाभींच्या बाजूने बघा. डबा शेडग्यांचा. तो शेडग्यांनीच आणून आपल्या दारात ठेवला. रिकामा. न बोलता. याचा अर्थ काय होतो? 'घालता का काही?'

भाभींचं काळीज हललं. तीन महिने ही पोर करंज्या-लाडू पाठवत होती ती बहुतेक पोटाला चिमटा काढून! आणि आपण मेली चढाओढ समजलो! त्यांनी अमीनभाईंच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून जाताना अमीनभाईंनी दुकानातून हात केला. "शेडगे, जरा थांबा राव. चहा घ्या." त्यांनी चहा मागवला, ऑइलचे हात पुसले, घसा खाकरला. अमीनभाई मुळात अबोल. ट्रक उघडून आत काय बिघडलंय ते पाच मिनिटांत सांगत, पण माणसाशी सुरुवात कशी करावी हे त्यांना जमत नसे.

"काही अडचण आहे का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, सायकलबद्दल विचारतायत. "तशी आहे. कुरकुरतेय बरेच दिवस. पण ओढतोय."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले असतील."

अमीनभाईंनी मान खाली घातली. "आणि आम्हाला बोलला नाहीत?"

"तुम्हाला कशाला त्रास! आता आहे ते मोडेपर्यंत चालवायचं."

"असं नका बोलू राव!" त्यांचा आवाज एकदम कापरा झाला. त्यांनी माझा खांदा दाबला. एका सायकलसाठी एवढा गहिवर मी कधी पाहिला नव्हता. मेकॅनिक माणूस, यंत्रावर जीव असेल, म्हणून मीही गहिवरलो.

दोन दिवसांत आमच्या दारात पायलीभर बाजरीचं गाठोडं आलं, आणि त्यावर तांदळाने गच्च भरलेला तो डबा. बातमी चाळभर फिरली असावी, कारण टोकाच्या खोलीतल्यांनीही वांगी दिली. एक नंबरच्या खोलीतले पेन्शनर आप्पा काठी टेकत आले आणि कुसुमला म्हणाले, "पोरी, नोकरी काय, जाते नि येते. हिंमत सोडू नये. माझा भाचा खडकीला आहे, शब्द टाकतो."

मी घरात पाऊल टाकलं तेव्हा कुसुम बाजरी आणि वांग्यांच्या मधोमध बसली होती.

"तुमची नोकरी गेली?"

"माझी? नाही गं! आत्ता तिथूनच येतोय."

"मग भाभींनी तांदूळ का पाठवला? आप्पा असं का म्हणाले?"

शेवटी, सुटका करून घ्यायला म्हणून, मी सांगून टाकलं की डबा रिकामा ठेवला होता, तिच्याच भल्यासाठी.

"रिकामा? भाभींचा डबा? दारात?" तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. ते जास्त वाईट होतं. "म्हणजे हा टोमणा आहे. तुमच्या घरात नसेल तर घ्या आमच्याकडून, असं." मग ती रडायला लागली, पहिल्या आठ दिवसांपेक्षाही मनापासून. "या गावात माझं एक माणूस होतं हो. तेवढंही तुम्ही घालवलंत."

मी अनेकदा मूर्खपणा केला आहे आणि पुढेही केला, पण त्या क्षणाइतकी माझी मला लाज कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबा उचलला, गाठोडं माझ्या खांद्यावर दिलं आणि विहिरीवर निघाली. मागे मी, हमालासारखा. भाभी पाणी शेंदत होत्या.

"भाभी, आमच्या घरात धान्य आहे. ह्यांची नोकरीही आहे. हा घ्या तुमचा डबा, पुन्हा पाठवू नका."

भाभींनी दोर तसाच धरून ठेवला. "माझा डबा?"

"मग काय माझा?"

"तुझाच की गं!"

"माझा कसा असेल? बुडाशी नाव आहे. अमीन शेख!"

"अगं, ते अर्जुन शेडगे आहे!"

मग दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मी गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात आकुर्डी गावातून शेळके मावशी आली. मावशी आमच्या चाळीला दूध घालायची. मधले तीन-चार महिने ती लेकीच्या बाळंतपणाला पुनावळ्याला जाऊन राहिली होती आणि दूध सून आणायची. तिने दुधाची चरवी खाली ठेवली आणि कुसुमच्या हातातला डबा उचलला.

"आगं बया! ह्यो माजा डबा हितं व्हय? म्या समदं घर हुडकलं!"

"तुमचा?" दोघी ओरडल्या.

"मंग? अ. शे. अनसूया शेळके. भावानं आळंदीत नाव घालून आणलाय." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाबाला खरवस दिलता की! म्हस व्याली तवा. म्हनलं, एकटा मानूस हाय, खाईल."

"खरवस?" कुसुम म्हणाली.

मी ज्वारीकडे पाहू लागलो.

"तुम्ही मला म्हणालात, काहीतरी गोड होतं."

"खरवस गोडच असतो," मी म्हणालो.

आधी भाभी हसल्या. दोर हातातून सुटला, पोहरा धाडकन विहिरीत गेला, तरी हसतच राहिल्या. मग कुसुमचंही तोंड वाकडं झालं, आणि रडू येतंय की हसू हे तिचं तिला ठरवता येईना.

"म्हणजे भाभी," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही आधी काही पाठवलंच नव्हतं?"

"नाही गं. मला वाटलं, नवी आलेली पोर, ओळख ना देख, करंज्या पाठवते. म्हणून तर जीव लागला."

"आणि मला वाटलं, हे एकटे असताना तुम्ही यांना जपलंत. म्हणून तर मी..."

ज्या चांगुलपणासाठी दोघींनी एकमेकींना जवळ केलं, तो दोघींपैकी एकीनेही केलेला नव्हता! मला वाटलं, संपलं, आता गाडीची वेळ.

"मग आता?" कुसुमने बारीक आवाजात विचारलं.

"आता काय? हात दुखायचे थांबले, ही खुदाची मेहेर. संध्याकाळी दोघं आमच्याकडे जेवायला या. पिठलं-भाकरी करते. आणि हे बघ, काही आणलंस तर दारातून परत पाठवीन. हात हलवत यायचं."

"रिकामं?"

"रिकामं!"

कुसुम पुढे झाली आणि तिने भाभींना मिठी मारली, भर विहिरीवर, ओल्या लुगड्यांसकट. मला फार बरं वाटलं. इतकं की आपण केलं ते एकूण चांगल्यासाठीच झालं, असं काहीतरी बोलायला मी तोंडही उघडलं, पण शेळके मावशी माझ्याकडे रोखून पाहत होती.

"तू कंपनीत काय करतो रं?" तिने विचारलं.

मी उत्तर टाळलं. ते माझ्या बायकोने दिलं, आणि मिठी न सोडता दिलं. "स्टोअरमध्ये आहेत, मावशी. आलेल्या मालावरचं नाव वाचायचं, तो कुणाचा ते ओळखायचं, आणि ज्याचा त्याला पोचवायचा. आत्ताच बढती मिळालीय."

मावशीने डबा पदराखाली घट्ट धरला आणि माझ्यापासून दोन पावलं मागे सरकली.

"आन् चालती का बाबा," तिने काळजीने विचारलं, "तुमची कंपनी?"